‘भाऊबंदकी’ आणि वांट्याचा प्रश्न

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘भाऊबंदकी’ हें नाटक १९०९ सालचें. तें अभ्यासावयास घेणाऱ्याच्या हातीं बहुधा एक तयार किल्ली आधींच दिलेली असते. राघोबा म्हणजे मॅकबेथ, आनंदीबाई म्हणजे लेडी मॅकबेथ, आणि कारस्थानाचें एकंदर वातावरण ‘ज्यूलियस सीझर’चें! खाडिलकरांचा शेक्सपिअरचा व्यासंग सर्वश्रुत आहे. ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ या त्यांच्या आरंभींच्या नाटकावर ‘हॅम्लेट’ व ‘ऑथेल्लो’ यांची छाया कोणासही दिसेल. तेव्हां ही किल्ली अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आमच्या मतें हें नाटक नीट समजून घ्यावयाचें असेल तर रोमकडे वळण्यापूर्वीं बारामती-इंदापूरकडे पाहणें अधिक उपयोगाचें आहे. विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून त्याची फोड करितों.

नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला आणि बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांतील कोरड्या जमिनीला मोल आलें. जमिनीला मोल आलें कीं बांधाला येतें, आणि बांधाला आलें कीं सख्खा भाऊ भाऊबंद होतो. या मुलुखांत ‘भाऊबंदकी’ हा शब्द कोणी नाटकाच्या जाहिरातीवरून शिकत नाहीं. तो पाण्याच्या पाळीवर व वांटणीच्या कागदावर शिकला जातो. परका लुटूं पाहतो, भाऊबंद हिस्सा मागतो. त्याच्या मागणींत थोडा तरी न्याय असतो, आणि तेवढ्यानेंच ती परक्याच्या दरोड्याहून भयंकर होते. सुपें हें गांव याच बारामती तालुक्यांतलें. शिवाजीमहाराजांनीं १६५६ सालीं तें घेतलें तें कोणा मोंगल सरदारापासून नव्हे, तर सावत्र आईचे भाऊ संभाजी मोहिते यांजपासून!

पेशवाईला जे घरगुती शह बसले त्यांतही बारामतीचें नांव आहे. १७४० सालीं थोरले बाजीराव वारले, तेव्हां पेशवेपद नानासाहेबांस न मिळतां बारामतीच्या बाबूजी नाईकांस मिळावें, अशी खटपट रघूजी भोसल्यांनीं शाहूमहाराजांच्या दरबारीं केली. नाईक हे बाजीरावांचे सावकार, आणि आप्तही. बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्या भावास दिलेली होती. नानासाहेबांस कोंडींत धरण्यासाठीं बापाच्या कर्जाचा तगादा त्यांच्यामागें लावण्यांत आला. पेशवेपद अखेर नानासाहेबांसच मिळालें, कर्जाची सोय लागली, आणि प्रकरण तेवढ्यावर निभावलें. रक्त सांडलें नाहीं म्हणून त्यावर नाटकही झालें नाहीं. पण नात्यांतला माणूस, थकलेला पैसा आणि सत्तेवरचा हक्क या तीन वस्तू त्यांत एकत्र आल्या होत्या. तेहेतीस वर्षांनीं शनिवारवाड्यांत त्याच पुन्हां एकत्र आल्या. नाईकांच्याच आश्रयानें बारामतीस राहून मोरोपंतांनीं महाभारत आर्यांत उतरविलें, हेंही येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अर्ध्या राज्याची मागणी पांच गांवांवर आली, तींही नाकारलीं गेलीं, आणि पुढें काय झालें हें आपल्याकडील मुलांनाही ठाऊक असतें. आमच्या लोकांची राजकीय शोकांतिकेची कल्पना घडली ती या कथेवर.

आतां रोमकडे पाहावें. ब्रूटस सीझरपाशीं कसलाही हिस्सा मागत नाहीं. त्याचें सीझरवर प्रेम आहे, पण प्रजासत्ताकावर अधिक आहे, आणि दोहोंपैकीं एकाची निवड करणें त्यास भाग पडतें. त्याचा घात तत्त्वानें होतो. वांट्याची गोष्ट त्या नाटकांत शिरते ती खून झाल्यानंतर: अँटनी मृत्युपत्र वाचून दाखवितो, प्रत्येक नागरिकास ७५ द्राख्मा ठेवल्याचें कळतें, आणि घटकेपूर्वीं ब्रूटसाचा जयजयकार करणारा जमाव त्याचें घर जाळावयास धांवतो. पुढें ब्रूटस व कॅशियस यांचें जें विख्यात भांडण होतें, तेंही सैन्याच्या पगारासाठीं न मिळालेल्या पैशावरून. शेक्सपिअरनें तत्त्वाच्या पाठीमागें पैसा बरोबर उभा केला आहे.

‘भाऊबंदकीं’त ब्रूटस नाहीं. नारायणरावास मारण्यांत तत्त्वाचें नांवही कोणी घेऊं शकत नाहीं. सुरतेची फूट १९०७ सालची, टिळकांची मंडालेस रवानगी १९०८ ची. त्या हवेंत आलेल्या या नाटकाच्या नांवानेंच प्रेक्षकांस हवी ती खूण पटली असेल. पण ब्रूटस नसल्यामुळें शोकांतिकेचा भार कोणावर पडावा? तो राघोबावरच पडावयास हवा, आणि तो पेलण्याइतका राघोबा इतिहासांत मोठा आहे. १७५८ सालीं लाहोर घेणारा हा सेनापति. थोरल्या भावामागून गादी पुतण्याकडे गेली. यानें राज्याची निम्मी वांटणी मागितली. १७६८ सालीं धोडपला माधवरावांकडून पराभव होऊन कैदेंत पडला. आणि माधवरावांच्या मृत्यूनंतर सतरा-अठरा वर्षांच्या दुसऱ्या पुतण्याच्या हाताखालीं त्याच वाड्यांत अडकून राहिला. त्याची वांट्याची भूक केवळ दुष्टपणाची नव्हती. ज्या समाजांत वतनाचे तुकडे पडतात, तेथें राज्याचे कां पडूं नयेत, हा त्याचा प्रश्न होता, आणि घरोघरच्या बापलेकांस तो आंतून समजण्याजोगा आहे.

नाटकाची खरी उणीव आम्हांस येथेंच दिसते. ‘धरावें’ या शब्दांतला ‘ध’ पुसून आनंदीबाईनें ‘मा’ केला, ही आख्यायिका खाडिलकरांनीं उचलली, आणि रंगभूमीवर ती विलक्षण रंगते हें कबूल केलें पाहिजे. पण तिचा परिणाम काय होतो? मॅकबेथ स्वतःच्या हातानें खंजीर चालवितो. त्या हाताचें रक्त समुद्रानेंही धुतलें जाणार नाहीं हें त्याचें त्यास कळतें. राघोबा मात्र केवळ धरण्याचा हुकूम देतो, मारण्याचें पाप एका अक्षरानें दुसरीकडे सरकतें, आणि जो नायक व्हावयाचा तो निमूटपणें फसविला गेलेला गृहस्थ होतो. फसलेल्या माणसाची कींव येते. शोकांतिकेची भीति त्याच्याभोंवतीं उभी राहत नाहीं. शिवाय, तसा फिरविलेला कागद इतिहासास कधीं सांपडलेला नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणपतीच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचें निमित्त करून गारदी वाड्यांत शिरले आणि चुलत्यास मिठी मारलेल्या पुतण्यास त्यांनीं तोडलें. त्या मिठींतून राघोबास सोडविणारें एकही अक्षर नाहीं. आख्यायिकेनें मात्र त्यास सोडविलें, आणि तें ओझें घरच्या सुनेच्या पदरांत टाकलें. भावाभावांत वांटण्या झाल्या कीं ‘बायकांनीं घर फोडलें’ म्हणण्याची आपल्याकडची जी रीत, तिचीच ही राजवाड्यांतली आवृत्ति. ‘ध चा मा’ ही म्हण आपल्या घरांतून आपण किती सहज उच्चारतों, आणि ती बहुतेक वेळां कोणाविषयीं उच्चारतों, याचा वाचकांनींच विचार करावा.

रामशास्त्र्यांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं; तें पात्र स्वयंप्रकाशी आहे. पेशव्यास देहान्त प्रायश्चित्त सांगणारा न्यायाधीश पाहून कोणत्याही काळच्या प्रेक्षकाचा ऊर भरून येईल. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, शास्त्र्यांच्या निकालाला खरी धार येण्यास आरोपी खरा अपराधी असला पाहिजे. कागदाच्या आडोशानें उभा असलेल्या राघोबापुढें तो निकाल अंमळ कठोर वाटूं लागतो, आणि तेथें शास्त्र्यांवरच अन्याय होतो.

हें नाटक पुन्हां कोणी रंगभूमीवर आणील, तर राघोबाचें काम करणाऱ्या नटानें तो कागद हातावेगळा करतांनाच, आंतील अक्षर कोणतेंही असो, त्याचा शेवट काय होणार हें आपणांस ठाऊक आहे अशा मुद्रेनें तो द्यावा. संहितेंतला एकही शब्द बदलावा लागणार नाहीं. आनंदीबाई नवऱ्यामागें दहा वर्षें कैदेंतच जगून १७९४ सालीं वारली. त्याच सालीं बारामतीस मोरोपंतही वारले.