आल्कान : बखर आणि अस्सल कागद

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत पॅरिसच्या एका पियानोवादकाचा विचार कां करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनांत प्रथम येईल, आणि तो रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, शार्ल-व्हालेंतिन आल्कान याच्या विस्मृतीची व पुनःशोधाची हकीकत ही मुख्यतः कागदांची हकीकत आहे. छापील कागद राहिले, हस्तलिखित कागद नाहींसे झाले, आणि मधली रिकामी जागा दंतकथेनें भरून काढली. बखरींतील मजकूर अस्सल पत्राच्या कसोटीस लावून पाहण्याची ज्यांस संवय आहे, त्यांना या प्रकरणांत ओळखीच्या पुष्कळ गोष्टी आढळतील. आल्कान पुनः प्रकाशांत आला हें योग्यच झालें. परंतु ज्या वाटेनें तो आला ती वाट सदोष आहे, आणि त्या दोषामुळें त्याच्या कृतींचें मोल ठरविण्यांत अद्यापि घोटाळा होतो, हें दाखविण्याचा येथें प्रयत्न आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी सांगतों. आल्कानचा जन्म पॅरिस येथें ३० नोव्हेंबर १८१३ रोजीं एका यहुदी कुटुंबांत झाला. घराणें मूळचें मेत्सकडील, आडनांव मोरांझ. परंतु बापाचें स्वतःचें नांव आल्कान होतें, तेंच मुलांनीं आडनांव म्हणून चालविलें. सहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच हा मुलगा पॅरिसच्या सरकारी संगीतशाळेच्या परीक्षकांपुढें उभा राहिला, आणि १८२४ मध्यें पियानोवादनाचें पहिलें पारितोषिक त्यानें मिळविलें तेव्हां तो अवघा दहा वर्षांचा होता. पुढें शोपँ हा त्याचा शेजारी व स्नेही झाला. ३ मार्च १८३८ रोजीं आल्काननें केलेल्या जलशांत बेथोव्हेनच्या सातव्या सिंफनीचे दोन भाग आठ हातांनीं वाजविण्यांत आले, त्या चार वादकांत शोपँ होता. १८४९ मध्यें मरतेसमयीं शोपँनें पियानोशिक्षणावर लिहावयास घेतलेल्या ग्रंथाचे अपुरे कागद आल्कान व रेबेर यांच्याकडे सोंपविण्यास सांगितलें. आल्काननें लिस्टला अर्पण केलेल्या तीन रचनांवर लिस्टनें १८३७ मध्यें आस्थेनें लिहिलें. शूमाननें १८३८ मध्यें त्याच रचनांवर कठोर टीका केली. म्हणजे समकालीनांनीं त्याची दखल घेतली नाहीं, असें मुळींच नव्हे. २९ मार्च १८८८ रोजीं तो पॅरिस येथेंच वारला, आणि त्यानंतर पाऊण शतकाहि अधिक काळ कांहीं थोडक्या जाणत्यांखेरीज त्याचें नांव कोणी घेईना.

आतां बखरीकडे वळूं. आल्कानविषयीं ज्यास दुसरें कांहींहि ठाऊक नाहीं, त्यालाहि एक गोष्ट ठाऊक असते. ती अशी कीं, उंच फडताळाच्या वरच्या खणांतून तालमुद हा धर्मग्रंथ काढतांना फडताळ अंगावर कोसळून त्याचा अंत झाला. गोष्ट अर्थगर्भ आहे. विद्वान, एकाकी, धर्मनिष्ठ पुरुष स्वतःच्याच ग्रंथांखालीं चिरडला जातो, यापेक्षां अधिक नाट्यमय भरतवाक्य कोणाला सुचेल? परंतु गोष्ट जितकी नेमकी, तितकी ती संशयास्पद, हा आपल्या शास्त्राचा अनुभव आहे. ही कथा पसरविली इझिदोर फिलिप या पियानोवादकानें. तिच्या उलट ह्यू मॅकडोनल्ड यांनीं १८८८ सालचें, आल्कानच्या एका शिष्याचें, पत्र पुढें आणलें. त्यावरील त्यांचा लेख १९८८ मध्यें, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. त्या पत्राप्रमाणें इमारतीच्या रखवालदारास कण्हण्याचा आवाज आला, आणि आल्कान हा स्वयंपाकघरांत छत्र्या व कोट अडकविण्याच्या जड घडवंचीखालीं पडलेला आढळला. भोंवळ येऊन त्यानें तिचा आधार घेतला असावा. त्याला उचलून निजावयाच्या खोलींत नेलें आणि त्याच संध्याकाळीं तो वारला.

मग फडताळ आलें कोठून? मेत्स येथील प्रसिद्ध धर्मपंडित आर्ये लेब गिन्झबर्ग हे १७८५ मध्यें वारले. त्यांच्या मृत्यूविषयीं हीच, ग्रंथांचें फडताळ कोसळल्याची, आख्यायिका यहुदी समाजांत प्रचलित आहे. आल्कानचें घराणें त्याच मेत्सकडील. एका गांवच्या संतपुरुषाची गोष्ट शंभर वर्षांनीं त्याच गांवच्या दुसऱ्या विद्वानास चिकटली असावी, हें अनुमान सयुक्तिक दिसतें. एकाच चमत्काराचे धनी बदलत जातात, हें आपल्या संतचरित्रांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. लक्षांत घेण्याजोगें हें कीं, हाच फिलिप देलाबोर्द याच्या समवेत आल्कानच्या कृतींच्या पुनर्मुद्रणाचा संपादक होता. ज्या हातानें मूळ पाठ जतन केला त्याच हातानें प्रक्षेपहि घातला. अशा साक्षीदाराचा पुरावा तुकड्यातुकड्यानें पारखून घ्यावा लागतो. सगळा स्वीकारणें वा सगळा टाकणें, दोन्हीं चूक.

दुसरी दंतकथा अधिक सूक्ष्म, म्हणून अधिक घातक आहे. १८४८ मध्यें संगीतशाळेंतील पियानोचें प्रमुखपद आल्कानच्या गुरूनें, झिमरमाननें, सोडलें. आल्काननें जॉर्ज सांद हिच्यामार्फत खटपट केली. पण जागा मार्मोंतेल यास मिळाली. या अपमानानें तो जगास विटला व त्याची सारी गंभीर रचना या विटाळलेल्या मनांतून निघाली, असें सांगतात. यांतील पूर्वार्ध खरा आहे. १८५३ नंतर वीस वर्षें तो जाहीर जलशांतून दूर राहिला. परंतु उत्तरार्धास कालानुक्रमच आडवा येतो. ‘आयुष्याच्या चार अवस्था’ हा त्याचा भव्य सोनाटा १८४७ चा आहे. वीस, तीस, चाळीस व पन्नास वर्षांचा पुरुष असे त्याचे चार भाग. शेवटचा भाग शृंखलाबद्ध प्रोमीथियसचा, आणि सर्वांत निराश. हा लिहिला तेव्हां कर्ता चौतिशीच्या आंत होता, आणि पद गेलें तें नंतर. ज्या निराशेस चरित्रकार १८४८ चें कारण देतात, ती त्यापूर्वींच छापून झालेली होती. तिसऱ्या भागांत सुखी गृहस्थाश्रम व मुलांची प्रार्थना आहे, आणि कर्ता तर आजन्म अविवाहित! म्हणजे ही आत्मकथा नव्हे, ही कवीची कल्पना आहे. शिवाय १८७३ पासून त्यानें एरार्डच्या दिवाणखान्यांत ‘लहान जलसे’ या नांवानें कित्येक वर्षें वादन केलें, आणि त्यांत स्वतःच्या कृतींपेक्षां बाख, कूपरें, रामो इत्यादि जुन्या रचनाकारांना अधिक जागा दिली. हें वागणें जगास विटलेल्याचें नव्हे. तें जुन्या पोथ्यांची गोडी लागलेल्या माणसाचें आहे.

आतां कृतींकडे येऊं, कारण दंतकथा बाजूस सारल्यावर उरतात त्या कृतीच. १८५७ मध्यें आल्काननें बारा मायनर स्वरमेळांतील बारा अभ्यासरचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. हाच त्याच्या कीर्तीचा मुख्य आधार. नांव ‘अभ्यास’ असें असलें तरी यांतील चौथी ते सातवी या चार रचना मिळून पियानोची एक सिंफनी होते, व आठवी ते दहावी या तीन मिळून एक कॉन्चेर्तो. कॉन्चेर्तो म्हणजे एका प्रमुख वादकाचा वाद्यवृंदाशीं संवाद. येथें वृंद नाहींच. एकटा पियानो कधीं वृंद होतो, कधीं वादक, आणि कोणता भाग कोणाचा हें कर्त्यानें स्वरलेखनांतच नोंदून ठेविलें आहे. संस्कृत नाट्यशास्त्राच्या अभ्यासकास येथें भाणाची आठवण व्हावी. भाणांत एकच नट रंगभूमीवर असतो; न दिसणाऱ्या माणसांचें बोलणें आकाशभाषितानें ऐकल्याचें दाखवून तो त्यास उत्तरें देतो, आणि प्रेक्षकांस रस्ता माणसांनीं भरल्यासारखा भासतो. आल्कानच्या कॉन्चेर्तोचें यश नेमकें याच प्रकारचें आहे. त्याच्या पहिल्या भागांत १३४१ तालविभाग आहेत, आणि तो वाजविण्यास जवळजवळ अर्धा तास लागतो. तरीहि कान सावध असेल तर दोन पात्रें अखेरपर्यंत वेगळीं ऐकूं येतात.

याच संग्रहांतील दुसऱ्या रचनेस त्यानें ‘मोलोसस’ या ग्रीक वृत्तगणाचें नांव दिलें. तीन गुरूंचा तो गण, म्हणजे आपला मगण. हें नांव देणारा मनुष्य केवळ बोटांची कसरत शिकवीत नसून छंदाचा विचार करीत होता, हें यावरून कळतें. बारावी रचना ‘इसापची मेजवानी’. तींत आठ तालविभागांच्या साध्या चालीचीं २५ रूपें आहेत. उलट टोकास १८६१ च्या ‘रेखाटनें’ या संग्रहांतील ४८ छोट्या रचना. त्यांतील कित्येक एका पृष्ठाच्या आंत संपतात, आणि एका रचनेंत लगतचे स्वर एकदम दाबून असे घोस केले आहेत कीं ते विसाव्या शतकांतले वाटावे.

तथापि गुण सांगून दोष झांकणें हें टीकेचें काम नव्हे. आल्कानला एकदां धरलेली आकृति सोडवत नाहीं. साथीचा एक नमुना आरंभला कीं तो पानेंच्या पानें तसाच चालतो. वाक्यें चार-चार विभागांचीं, मोजलेलीं. आणि कित्येक ठिकाणीं वेग व बळ हेंच प्रयोजन होऊन बसतें. १८४४ ची ‘आगगाडी’ ही अशा प्रकारची रचना. नवल म्हणून ती ऐकावी, रस म्हणून नव्हे. बेथोव्हेननंतरच्या पियानोरचनाकारांत शोपँ, शूमान, लिस्ट व ब्राम्स यांच्या पंक्तीस बुसोनीनें आल्कानला बसविलें. चार-पांच मोठ्या कृतींपुरता हा निर्णय मान्य व्हावा. सबंध लेखनसंभारास तो लागूं करणें अतिशयोक्तीचें होईल.

येथेंच पुनःशोधाचा दोष दिसून येतो. या कार्यांतील पहिल्या समर्थ लेखकांपैकीं एकाचा मुंबईशीं संबंध आहे. कैखुश्रू शापूरजी सोराबजी यांचा जन्म १८९२ मध्यें इंग्लंडांत झाला; वडील मुंबईचे पारशी, व्यवसायानें इंजिनियर. स्वतः अतिदीर्घ पियानोरचना करणाऱ्या या गृहस्थांनीं १९३२ च्या आपल्या निबंधसंग्रहांत आल्कानवर स्वतंत्र प्रकरण लिहिलें, तें त्याचें वादन क्वचितच कानीं पडे अशा काळीं, म्हणजे मुख्यतः छापील पानें वाचून. त्यानंतर रेमंड लेवेन्थाल यांनीं १९६४ मध्यें निवडक कृति संपादून छापल्या व वाजविल्या. रोनाल्ड स्मिथ यांचा ग्रंथ दोन खंडांत, १९७६ व १९८७ मध्यें, आला. १९७७ मध्यें इंग्लंडांत आल्कानच्या नांवानें मंडळ निघालें. आणि पुढें मार्क-आंद्रे आमलँ यांच्या ध्वनिमुद्रणांनीं कॉन्चेर्तो सर्वत्र ऐकूं येऊं लागला. हें ऋण मोठें आहे. परंतु स्मिथ यांच्या पहिल्या खंडाचें नांव ‘कोडें’ या अर्थाचें आहे, आणि ‘संगीत’ हा खंड त्यामागून अकरा वर्षांनीं आला, हा क्रम साऱ्या चळवळीचें द्योतक म्हणावा लागेल. आधीं चमत्कारिक माणूस, मग दुर्घट वादन, आणि शेवटीं कृति. फडताळाची गोष्ट ऐकून आलेला श्रोता १३४१ तालविभागांत माणसाचें वेड शोधतो, रचनेचा बांधा शोधीत नाहीं. सोराबजींची वाट उलट होती. त्यांनीं पानांपासून आरंभ केला, आणि तीच वाट धरण्यासारखी आहे.

शेवटीं हानीचा हिशेब. आल्काननें १८४४ मध्यें वाद्यवृंदासाठीं बी मायनर या मेळांत एक सिंफनी लिहिली; ती छापली गेली नाहीं, आणि तिचें हस्तलिखित आज उपलब्ध नाहीं. तो बायबलाचें मूळ भाषांतून फ्रेंचमध्यें भाषांतर करीत होता, नव्या कराराचें तर सिरियाक भाषेंतून, हें हिलर यास लिहिलेल्या त्याच्या पत्रांवरून कळतें. भाषांतराचें एकहि पान हातीं नाहीं. पत्रें राहिलीं, म्हणून ग्रंथ होता एवढें तरी सिद्ध होतें. सिंफनीच्या बाबतींत अधिक भाग्य असें कीं, लेओं क्रॉइत्सर या टीकाकारानें १८४६ मध्यें ती पोथी प्रत्यक्ष पाहून तिचें वर्णन छापलें. त्यांत त्यानें एक बारीक गोष्ट नोंदविली आहे : आरंभीच्या संथ भागाच्या माथ्यावर लाल शाईनें हिब्रू अक्षरें होतीं, आणि तें उत्पत्तिग्रंथांतील प्रकाशाच्या निर्मितीचें वचन होतें.

स्वररचनेपैकीं आज एक सूरहि उरलेला नसतां, पोथी ओळखण्याची खूण मात्र उरली आहे. जुन्या स्वरलेखनाचे गठ्ठे चाळणाऱ्या कोणाच्या हातीं कधीं लाल हिब्रू ओळीचें बी मायनरमधील वृंदलेखन लागलें, तर त्याला तें काय आहे हें तत्काळ कळेल. हें श्रेय क्रॉइत्सरच्या सौंदर्यदृष्टीचें नव्हे; शाईचा रंग टिपून ठेवण्याइतका तो दक्ष होता, याचें आहे. आपल्याकडील घरोघरच्या रुमालांत अशा किती पोथ्या असतील कीं ज्या उद्यां नाहींशा होतील. त्या सर्व छापून काढणें कोणासहि शक्य नाहीं. परंतु पाहिलेल्या प्रत्येक पोथीचा आकार, शाई, आरंभ व अखेर टिपून ठेवणें प्रत्येक संग्राहकास शक्य आहे, आणि तेवढें झालें तरी पुढच्यांना दंतकथेचा आधार घ्यावा लागणार नाहीं.