ठिपक्यांचा कागद

महाड-पोलादपूरकडे दिवाळीच्या तोंडावर फळीवरून जे काही खाली उतरतं, त्यात एक भोकाभोकांचा कागद असतो. त्याला कुणी कलावस्तू म्हणणार नाही. पण छपाईचं इतकं काटकसरी साधन मला दुसरं माहीत नाही. भोकांतून रंग खाली उतरवायचा, ही स्क्रीन प्रिंटिंगचीच जात. इथे शाईऐवजी रांगोळी आणि कागदाच्या जागी सारवलेलं अंगण, एवढाच फरक.

‘अकरा ते सहा’चा कागद घ्या. मधल्या ओळीत ११ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत ६ वर थांबायचं, एकूण ९१. बहुतेकदा हा कागद गणिताच्या चौकटीच्या वहीतून फाडलेला. ठिपके दोन-दोन चौकटींच्या अंतराने. पुढची ओळ दोन चौकटी खाली, एक चौकट सरकवून. षटकोन होतो, पण भूमितीच्या पुस्तकातला नव्हे: तिरक्या ओळी ६० अंशांऐवजी ६३ च्या किंचित वर जातात. त्यामुळे रुंदी २० चौकटी, उंचीही २०. षटकोन चौरसात चपखल बसतो, आणि जरा ताठ उभा राहिल्यासारखा दिसतो. हा डौल कुणी ठरवून आणलेला नाही, वहीने दिलेला आहे.

आता भोक पाहा. ते पेटत्या उदबत्तीने पाडतात, कारण सुई टोचली की कागदाची कड मागे उचलली जाते आणि रांगोळी तिथे अडते. अलीगढला जन्मलेल्या मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांनी १९७०च्या दशकात कोरा कागद सुईने टोचून चित्रं केली. तिथे ती उचललेली कड हवीच होती, कारण सावली तिच्यामुळेच पडते. इथे कड जळून बसते, भोक गोल नि गुळगुळीत होतं. एकीला अडथळा हवा, दुसरीला वाट. दोघींची कागदाची जाण सारखीच पक्की.

खरी कसोटी कागद उचलताना. तळहाताने रांगोळी पसरली की समोरासमोरचे दोन कोपरे धरून कागद सरळ वर घ्यायचा. उरलेली पूड मधल्या खोलगटात जमते. जरा ओढला तर ९१ ठिपक्यांना ९१ शेपट्या. पूर्वी कोकणात भाताची फोलपटं जाळून रांगोळी करत. आजची दगडाची पूड रवाळ असते, त्यामुळे प्रत्येक ठिपक्याचा इवलासा डोंगर होतो आणि तिरप्या उन्हात त्याची एक बाजू काळी दिसते.

पुढे रेषा येतात, रंग भरले जातात. मला विचाराल तर तिथे बिघडायला सुरुवात होते. बाजारातला प्लास्टिकचा छाप तर आयतं फूलच उमटवतो, हाताला काही ठेवतच नाही. पंधरा-वीस ठिपके मोकळे ठेवणारी बाई खरी जाणकार.

वापरून भोकं सैलावली की जुना कागद कोऱ्यावर ठेवून त्याच भोकांतून नवा जाळतात. तिसऱ्या ओळीतला एखादा ठिपका केसभर डावीकडे असेल, तर तोही तसाच नव्यात उतरतो.