ऑर्गनशेजारची जागा

आपल्या मंडळाने यंदा 'संगीत संशयकल्लोळ' उभे केले, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्यासोबत एक कुजबुजही कानावर येते. पदांना कात्री लावली, इथे परदेशात जन्मलेल्या मुलांना संवाद रोमन लिपीत लिहून दिले, रात्रभर रंगायचा तो खेळ अडीच तासांत बसवला. मग यात नाटककार देवलांचे राहिले काय? या शंकेचे उत्तर नाटकाच्या जन्मातच आहे. मोलिएरचे १६६० मधले 'स्गानारेल' लंडनच्या आर्थर मर्फीने 'ऑल इन द राँग' म्हणून आपलेसे केले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी आधी 'फाल्गुनराव' हे गद्य नाटक लिहिले आणि पुढे त्यात पदे घातली. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'संशयकल्लोळ' रंगभूमीवर आणले. देवल त्याच वर्षी निवर्तले. पॅरिसचा संशयी नवरा फाल्गुनराव होऊन मराठी घरात इतका रुळला, की तो मूळचा कुठला हे कुणाला आठवतही नाही. जे नाटक दोन समुद्र ओलांडून आले, ते तिसरा ओलांडताना बिचकणार नाही. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, हीदेखील आपल्या मुलांसाठी केवढी सोय! फाल्गुन, अश्विन, भादवा, कृत्तिका, रेवती, मघा: शाळेच्या वर्गात न बसलेले पंचांग तालमीत तोंडपाठ झाले.

तेव्हा कात्रीची भीती नको. भीती वेगळ्याच गोष्टीची बाळगायला हवी, आणि तिचे कारण प्रयोगातच दिसले. तसबिरीच्या प्रवेशात सभागृह हसून हसून दमले. अश्विनशेठच्या प्रेयसीला, रेवतीला, भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतात आणि त्यांची पत्नी कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि फाल्गुनराव नेमके तेवढेच पाहतात. मराठी जेमतेम कळणारी नातवंडेही इथे आजी-आजोबांच्या बरोबरीने हसली. पण प्रयोग खरा उंचीवर गेला तो अश्विनशेठच्या दरबारी कानड्यातल्या पदाला. ठरल्यापेक्षा एक आलाप जास्त आला, ऑर्गनने सूर धरून ठेवला, तबला थांबून राहिला आणि तिघे एकाच समेवर उतरले. त्या क्षणी जी दाद आली, ती पाठ करून घेतलेल्या कुठल्याही वाक्याला आली नाही. नाट्यपदाचा जीव या मोकळीकीत आहे, आणि पुढच्या प्रयोगाला ध्वनिमुद्रित साथ वाजवावी ही सूचना मान्य झाली, तर जाईल तो हाच जीव. मुद्रित साथ गायकासाठी थांबत नाही.

वादक मिळत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. ऑर्गन आणि तबल्याची बाजू आज दोघाच ज्येष्ठांवर उभी आहे, आणि हिमवादळातही तळघरातली तालीम न चुकवणाऱ्या या दोघांचे ऋण मंडळाला फिटणारे नाही. पण माणसे थोडी म्हणून यंत्र आणायचे, तर उद्या गायकही थोडेच आहेत. नाटक जुने झाले, नायकिणीच्या मुलीच्या लग्नाचा प्रश्न मुलांना परका वाटतो, असेही म्हणतात. तो समजावून सांगता येतो, आणि संशय तर कुठल्याच पिढीला परका नाही. समजावून देता येत नाही ती साथसंगत. ती शेजारी बसूनच येते. आपण मुलांना स्पर्धांना नेतो, पोहायला नेतो, आणि नाटकाला मात्र फक्त प्रयोगाच्या दिवशी, कुर्ता घालून. आईवडिलांनी याचा विचार करावा. पुढच्या तालमींना आपले मूल सोबत आणा. त्याला भूमिका मिळो न मिळो, ऑर्गनशेजारची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवू.