रानटी कोण? गुणाढ्याच्या कथेचे एक वाचन



या टिपणात आपण एक जुनी कथा वाचणार आहोत आणि तिच्या आधाराने 'रानटी' या एका शब्दाचा विचार करणार आहोत. मी अभियांत्रिकी शिकवतो. साहित्य हा माझा विषय नव्हे. तरीही लिहितो आहे, कारण हा शब्द एकदा माझ्या वर्गात उच्चारला गेला आणि त्याला निमित्त मी होतो.

म्हैसूरला येण्यापूर्वी मी महाराष्ट्रातल्या एका महाविद्यालयात होतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची सादरीकरणे चालू होती. एक विद्यार्थी शेतातला पंप आपोआप चालू-बंद करणारे सर्किट समजावून सांगत होता. 'टाकीतलं पानी खाली गेलं की...' असे तो म्हणाला आणि मी त्याला अडवले. 'पानी नाही, पाणी.' पुन्हा एकदा अडवले, मग तिसऱ्यांदाही. वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी 'रानटी' म्हणाले. त्यानंतर तो मुलगा इंग्रजीत बोलू लागला. ते त्याला नीट येत नव्हते, म्हणून वीस मिनिटांचे सादरीकरण त्याने सात-आठ मिनिटांत गुंडाळले. सर्किट बिनचूक होते. मी त्याला गुण चांगले दिले. पण जे त्याने सांगितलेच नाही, ते मला कधीच कळले नाही.

१. शब्दाकडे आधी पाहू

संस्कृत 'अरण्य', प्राकृत 'रण्ण', मराठी 'रान' असा हा शब्द घडला. पण मराठीत त्याचा अर्थ केवळ जंगल असा राहिला नाही. शेतकरी सकाळी 'रानात जातो' म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा स्वतःच्या शेतात जात असतो. ना. धों. महानोरांच्या १९६७ सालच्या संग्रहाचे नाव 'रानातल्या कविता' आहे, आणि ते स्वतः पळसखेडचे शेतकरी होते. म्हणजे नांगरलेली जमीनही रान आणि न नांगरलेलीही रान. रानभाजी, रानमेवा या शब्दांत तर कौतुकच आहे: कुणी न पेरता आलेले, तरी खाण्याजोगे.

'जंगल' या शब्दाचेही असेच. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'जांगल' देश म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा प्रदेश. आणि तो आरोग्याला चांगला मानला आहे. त्याच्या उलट पाणथळ, दाट झाडीचा तो 'आनूप' देश. आज 'जंगल' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर नेमके उलटे चित्र येते.

यावरून एवढे लक्षात घ्या: रान ही वाईट वस्तू आहे असे भाषेत मुळात काही नाही. ते विशेषण माणसाला लावले की मात्र शिवी होते. असे का होते, हे समजायला गुणाढ्याची कथा उपयोगी पडते.

२. कथा

ही कथा सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त पहिल्याच भागात येते. सोमदेव अकराव्या शतकातला काश्मीरचा कवी. त्याने राजा अनंताची राणी सूर्यमती हिच्यासाठी हा संस्कृत ग्रंथ रचला. पण कथा घडते आपल्याकडे, गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणला.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत असतो. पाणी उडवून दमलेली राणी त्याला म्हणते, 'मोदकैः'. तिला म्हणायचे असते 'मा उदकैः', पाण्याने मारू नका. संधी न कळल्याने राजा मोदक मागवतो. राणी हसते, आणि भरल्या तलावात राजाची मान खाली जाते. तो खाणेपिणे सोडतो. त्याला आता संस्कृत व्याकरण आलेच पाहिजे.

मंत्री गुणाढ्य म्हणतो, बारा वर्षांचे काम मी सहा वर्षांत करून देईन. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणतो, मी सहा महिन्यांत. गुणाढ्य पैज लावतो: तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्मा कार्तिकेयाच्या कृपेने 'कातंत्र' हे सुटसुटीत व्याकरण मिळवतो आणि जिंकतो. गुणाढ्य मुका होऊन विंध्याच्या अरण्यात निघून जातो.

तिथे त्याला पिशाच भेटतात. त्यांची भाषा, पैशाची, तो शिकतो. कारण सोडलेल्या तिन्हींत ती येत नाही. काणभूती नावाच्या पिशाचाकडून ऐकलेली महाकथा तो सात वर्षे लिहितो. सात लक्ष श्लोक होतात. रानात शाई नाही, म्हणून तो स्वतःच्या रक्ताने लिहितो. शिष्य ते हस्तलिखित राजाकडे नेतात. राजा म्हणतो: भाषा पिशाचांची, लिहिलेले रक्ताने; धिक्कार असो.

मग गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवतो. एकेक पान मोठ्याने वाचतो आणि आगीत टाकतो. रानातले प्राणी चरणे सोडून भोवती जमतात, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहतात. इकडे राजा आजारी पडतो. वैद्य म्हणतात, सुके मांस खाल्ल्यामुळे. आचारी शिकाऱ्यांना दोष देतात, शिकारी सांगतात की प्राणीच उपाशी आहेत. राजा रानात येतो तेव्हा सहा लक्ष श्लोक जळालेले असतात. उरलेला एक लक्ष तो घेऊन जातो. तीच 'बृहत्कथा'.

३. कथा काय सांगते

पहिली गोष्ट: ही कथा व्याकरणाच्या लाजेतून सुरू होते. राजाला कुणी मूर्ख म्हटले नाही, कुणीतरी हसले इतकेच. पण त्या हसण्यातून पुढचे सगळे घडले. आणि ज्याला स्वतःला एका संधीवरून हसले गेले, तोच राजा पुढे दुसऱ्याच्या भाषेवरून ग्रंथ परत पाठवतो. लाज माणसाला नम्र करतेच असे नाही. पुष्कळदा ती त्याला राखणदार बनवते. वर्गात मी त्या मुलाला अडवले तेव्हा मीही असाच राखणदार होतो.

दुसरी गोष्ट: पैशाची ही बेशिस्त भाषा होती का? गुणाढ्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण या भाषेचे नियम प्राकृत व्याकरणकारांनी लिहून ठेवले आहेत. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने दिलेले तीन नियम पाहा. 'ण'चा 'न' होतो: गुणचे गुन. 'द'चा 'त' होतो: मदनचे मतन. 'ल'चा 'ळ' होतो: कुलचे कुळ. म्हणजे पिशाचांच्या म्हटलेल्या भाषेलाही काटेकोर नियम होते.

पहिला नियम पुन्हा वाचा. 'ण'च्या जागी 'न' येणे, हेच आपल्याकडे अनेक बोलींचे लक्षण आहे आणि त्यावरूनच 'अशुद्ध' हा शिक्का बसतो. यावरून त्या बोली पैशाचीतून आल्या असा निष्कर्ष काढू नका. तो चुकीचा ठरेल. मुद्दा एवढाच की 'पानी' म्हणणारा माणूस चुकत नसतो, तो एक नियम पाळत असतो. गंमत अशी की मूळ संस्कृत शब्द 'पानीय' आहे, 'न'चा. त्याचा 'ण' प्राकृताने केला. मी ज्याला शुद्ध समजून त्या मुलावर लादत होतो, ते कोणे एके काळी संस्कृत पंडितांच्या कानाला अपभ्रष्टच वाटले असणार.

आमच्या विषयातले एक उदाहरण देतो. सीडीएमए पद्धतीच्या संदेशवहनात प्रत्येक संदेशाला एक कोड असतो. ज्या रिसीव्हरकडे तो कोड नाही, त्याला तो संदेश आणि नुसती खरखर यांत फरक करता येत नाही. संदेशात काही दोष नसतो. 'रानटी' हा शब्दही बहुधा बोलणाऱ्याचे वर्णन करत नाही. ऐकणाऱ्याकडे कोड नाही, एवढेच तो सांगतो.

तिसरी गोष्ट मनुष्यस्वभावाची. कथेत संयम कोण पाळतो? प्राणी. ते भूक विसरून ऐकतात. आणि राजा ऐकायला केव्हा येतो? ताटातले मांस सुके झाल्यावर. वाङ्मयाची हानी त्याला जिभेवर कळते. आपण ज्याला माणसातले रानटीपण म्हणतो, ते इथे दरबारात आहे. आणि ज्याला संस्कार म्हणतो, ते रानात.

हीच अदलाबदल म्हैसूर परिसरातल्या एका अलीकडच्या लेखकानेही केली आहे. श्रीकृष्ण आलनहळ्ळी यांच्या १९७२ सालच्या कन्नड कादंबरीचे नाव 'काडु', म्हणजे रान. गिरीश कार्नाड यांनी १९७३ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. किट्टी नावाच्या लहान मुलाच्या नजरेतून ती सांगितली आहे. नाव रानाचे असले तरी त्यातला रक्तपात दोन गावांच्या वैरातून येतो. 'काडु' आणि 'ऊरु', रान आणि गाव, यांतले भय नेमके कुठे राहते, हा प्रश्न तिथेही आहे.

४. कथेची मर्यादा

इथपर्यंत मी कथेची बाजू घेतली. पण समीक्षा म्हणजे फक्त बाजू घेणे नव्हे.

एक: कथा रानाला मोठेपणा देते, तरी रानातल्या लोकांना 'पिशाच' हेच नाव ठेवते. ही भाषा प्रत्यक्षात कुणाची होती? ग्रिअर्सनने तिचे नाते वायव्येकडच्या भाषांशी जोडले, स्टेन कोनोने विंध्याकडे बोट दाखवले. कुठलीही असो, ती बोलणारी माणसे होती, भुते नव्हती. त्यांनी स्वतःला काय म्हटले, ते कथेत नाही. बाहेरच्याने ठेवलेले नाव किती दूर जाते, याचा दाखला आपल्या इतिहासात आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का कायद्यातून जायला १९५२ साल उजाडले. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हे शिवीसारखे वापरले जाणारे नावच दिले (१९८७). नाव ठेवणाऱ्याचा शब्द त्यांनी स्वतःच्या हातात घेतला. काणभूतीला ती संधी मिळाली नाही.

दोन: ऐतिहासिक सातवाहनांचे नाणेघाटातले आणि नाशिकच्या लेण्यांतले लेख प्राकृतात आहेत. 'गाथासप्तशती' हा महाराष्ट्री प्राकृतातला संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे. त्यांच्या राज्यात प्राकृताची लाज वाटत होती असे या लेखांवरून तरी दिसत नाही. संस्कृत न येण्याची लाज ही बहुधा पुढच्या काळाची, जी कथेने मागे नेऊन पैठणच्या राजाला चिकटवली.

तीन: आपण ही कथा वाचतो ती संस्कृतात. जी भाषा दरबाराने नाकारली, तिचा ग्रंथ दरबारी भाषांतरातच टिकला. म्हैसूर जिल्ह्यात कावेरीकाठी तळकाडू आहे. तिथून राज्य करणाऱ्या गंग घराण्यातला सहाव्या शतकातला राजा दुर्विनीत याने बृहत्कथा संस्कृतात आणली, असे गंगांचे ताम्रपट सांगतात. ते भाषांतरही आज नाही. म्हणजे राजांनी या कथेला आश्रय दिला, पण तिची भाषा बदलून. एक लक्ष श्लोक वाचले असे कथा म्हणते. खरे तर पैशाचीतले तेही गेले.

५. आता आपल्याकडे

म्हैसूरच्या देवराज मार्केटमध्ये मी अजून मोडके कन्नड बोलतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ' वेगळे आहेत. माझ्या मराठी जिभेला तो फरक सहज जमत नाही. 'कोडु'तला 'ओ' आखूड असला तर 'दे', लांबवला तर 'शिंग'. इतकी वर्षे मी भाजीवाल्या अम्मांकडे शिंगे मागत आलो आहे. त्या हसतात, बरोबर उच्चार एकदा करून दाखवतात आणि भाजी पिशवीत टाकतात. माझे वाक्य मात्र त्या पुरे होऊ देतात. मी त्या मुलाचे होऊ दिले नव्हते.

प्रमाणभाषा शिकू नका, असे मी म्हणत नाही. अर्ज, अहवाल, परीक्षा यांसाठी ती लागते आणि ती प्रत्येकाला मिळाली पाहिजे. पण ती शिकवण्याची वेळ आणि ऐकण्याची वेळ वेगळी असते. सादरीकरण ही ऐकण्याची वेळ होती. उच्चार मला नंतर, एकट्याला बोलावून सांगता आला असता.

म्हणून पुढच्या वेळी कुणाच्या बोलण्याला 'रानटी' म्हणावेसे वाटले, तर आधी पान पुरे वाचू द्या. जळालेले पान पुन्हा मागता येत नाही.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या घरच्या बोलीतले असे तीन शब्द निवडा, ज्यांना शाळेत चूक म्हटले गेले. त्यांमागे कोणता नियम दिसतो, ते लिहा.

२. 'बृहत्कथा' पैशाचीत टिकली नाही, संस्कृतात टिकली. भाषांतराने ती वाचवली की तिची भाषा पुसली? तुमची बाजू कथेतल्या तपशिलांनिशी मांडा.

३. 'रानभाजी' आणि 'रानटी' या दोन शब्दांतल्या 'रान'ची तुलना करा. तुमच्या भागातल्या भाषेत असा दुहेरी अर्थाचा शब्द आहे का?