भीतीशी इमान राखणारं रूपांतर

प्रयाग अकबर यांच्या ‘लैला’ (२०१७) या इंग्रजी कादंबरीतली शालिनी आपल्या हरवलेल्या मुलीला सोळा वर्षं शोधते आहे. नेटफ्लिक्सवरच्या मालिकेत (२०१९) ही सोळा वर्षं दोनावर आली. तिथेच कादंबरी निसटली. इतक्या वर्षांनी समोर आलेली मुलगी आपलीच आहे, हे आईने कशावरून ओळखायचं? कादंबरीतली ही धास्ती संपली आणि पाठलाग उरला.

उर्मी जुवेकर यांच्यासारखी कसलेली पटकथाकार आणि दीपा मेहता यांच्यासारखी दिग्दर्शिका असूनही मालिकेला राज्याचं ‘आर्यावर्त’ हे नाव, डॉ. जोशी हा सर्वसत्ताधीश, बंडखोरांचा गट यांची गरज भासली. कादंबरीत वस्त्या जातीधर्मानुसार भिंती उभारून घेतात आणि शालिनीसारखी सुखवस्तू माणसं, आपल्या दारापर्यंत आच येत नाही तोवर, निवांत राहतात. खलनायक ठळक केला की प्रेक्षक या दोषातून सुटतो.

स्टॅनली कुब्रिकच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मध्ये (१९७१) बर्जेसच्या मूळ कादंबरीतलं एकविसावं प्रकरणच नाही, नायक प्रौढ होतो तो भाग गळला. चित्रपट थोर आहे, पण कादंबरीचा निष्कर्ष उलटला. मायकल रॅडफर्डने ऑर्वेलच्या ‘नाइन्टीन एटी-फोर’वरचा चित्रपट १९८४मध्येच लंडनमध्ये चित्रित केला. भविष्यातली चकचकीत यंत्रं त्याने टाळली. जॉन हर्टचा खंगलेला चेहरा आणि पडकं शहर, एवढ्यावर ऑर्वेलची भीती जिवंत राहिली.

अशी भीती दाखवायला गोव्याला तर भविष्यात जायचीही गरज नाही. पुंडलीक नायक यांची ‘अच्छेव’ ही कोकणी कादंबरी १९७७ची. खाण येते आणि कोळंब गावातली शेती, पंढरी-रुक्मिणीचं घर, गावाची रीत, सगळं ढासळत जातं. टिपरांची रांग, तांबडी धूळ, शेतात उतरलेला गाळ हे डिचोलीच्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. चोपड्यापासून मोपापर्यंतच्या पेडण्यात खाणीपेक्षा जमिनीचा प्रश्न जवळचा. ज्यासाठी इथल्या जमिनी गेल्या, त्या मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन २०२२च्या डिसेंबरात झालं. जमीन हातची गेल्यावर घरातली माणसं एकमेकांशी कशी वागू लागतात, हे ‘अच्छेव’ दाखवते. म्हणून ती पेडण्याचीही कादंबरी आहे.

‘अच्छेव’ पडद्यावर आणण्याचं काम इथल्या दिग्दर्शकांच्या आवाक्यातलं आहे. महाबळेश्वर सैल यांच्या ‘अदृश्ट’ या कादंबरीवर लक्ष्मीकांत शेटगावकरांनी ‘पलतडचो मुनिस’ (२००९) हा चित्रपट केला. रानातला वनरक्षक, मनाचा तोल गेलेली बाई आणि त्यांना नाकारणारा गाव. शेटगावकरांनी गावाला राक्षस केलं नाही, रानाची शांतता संवादांनी भरली नाही. टोरांटोच्या महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचं ‘फिप्रेस्की’ पारितोषिक मिळालं.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये गोव्यातले ८८ खाणपट्टे रद्द केले, तेव्हा रोजगार बुडालेली कुटुंबं रस्त्यावर उतरली. ‘अच्छेव’ पडद्यावर आणू पाहणाऱ्याने हे विसरू नये. खाणमालकाचा खलनायक करणं सोपं आहे; गाव आपल्या पायांनी खाणीच्या रोजाकडे का वळलं, ते दाखवावं.