खाडाखोडींतून जन्मलेलीं चित्रें

लिहितां लिहितां वहीच्या कडेला रेघोट्या ओढण्याचा चाळा कोणाला नसतो? परंतु या चाळ्याला कला केव्हां म्हणावें, हा प्रश्न रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांपुढें टाळतां येत नाहीं. १९२४ सालीं अर्जेंटिनांत व्हिक्टोरिया ओकांपो यांचे पाहुणे असतांना ‘पूरबी’तील कित्येक कविता त्यांनीं लिहिल्या. त्या वहींतील खोडलेले शब्द त्यांनीं तसेच टाकून दिले नाहींत. एका खोडीपासून दुसरीपर्यंत शाईची रेघ नेली, आणि त्या काळ्या पुंजक्यांतून कोठें चोंच, कोठें विचित्र श्वापद, कोठें वेलबुट्टी उमटली. साठी उलटलेल्या कवींतून चित्रकार घडला तो येथें. १९३० च्या मे महिन्यांत ओकांपो यांच्याच पुढाकारानें पॅरिसला त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें.

मला मात्र पुढील कित्येक रंगीत चित्रांहून हीं पानेंच अधिक मोलाचीं वाटतात. काळ्याच्या फटींतून टिकलेली ओळ वाचतां येते. तिच्याभोंवतींचें काळें म्हणजे कवीनें नाकारलेला शब्द. चूक न लपवितां तिलाच लयींत बसविण्याची ही धडपड आहे. हल्लीं कोऱ्या चित्रवह्या काळ्या नक्षीनें भरण्याची हौस पुष्कळांना आहे. हौस निर्दोष खरी. पण तींत बहुधा आधीं कांहीं खोडलेलें नसतें, म्हणून ठिपके-रेघा नीटनेटक्या येऊनहि पान मुकेंच राहतें. मुलांच्या वहींतील खाडाखोडीवर रागावणाऱ्या पालकांनीं हीं हस्तलिखितें एकदां अवश्य पहावींत.