बटणें, घंटा आणि ‘बॉय’

पाश्चात्य हॉटेलांत व नाट्यगृहांत चाकरीस राहणाऱ्या कोवळ्या पोरांना मिळत आलेलीं नांवें शेजारीं शेजारीं मांडून पाहिलीं, तर त्यांतलें एकही त्या पोराचें नाहीं हें चटकन् ध्यानांत येतें. इंग्लंडांत तो तंग जाकिटावरील चकचकीत बटणांच्या रांगांवरून ‘बटन्स’ झाला. अमेरिकेंत घंटा वाजतांच टुणकन् पुढें येतो म्हणून ‘बेलहॉप’. नटांचीं दारें ठोठावून प्रवेशाची वर्दी देणारा ‘कॉल-बॉय’ तर केवळ हाकेपुरता उरला, आणि पुढें ध्वनिवर्धकानें ती हाकही त्याच्याकडून काढून घेतली. फ्रेंचांनीं इंग्रजींतून ‘ग्रूम’, म्हणजे मोतद्दार, हा शब्द उसना आणला. घोडा मागें राहिला, शब्द तेवढा हॉटेलांत शिरला.

हें सारें आठवण्यास निमित्त झालें तें वेस अँडरसन यांच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) या चित्रपटाचें. त्याचा नायक झीरो हा एका कल्पित देशांतील हॉटेलांत १९३२ सालीं लागलेला पोरका पोर. त्याच्या टोपीवर ‘लॉबी बॉय’ अशीं ठसठशीत अक्षरें आहेत. स्वतःचें नांव शून्य, आणि हुद्दा मात्र कपाळावर! ही थट्टा आम्हांस प्रथम गोड वाटली. दुसऱ्यांदा पाहतांना तितकीशी वाटली नाहीं. सजावट इतकी गोजिरवाणी आहे कीं चाकरीचा शीण तींत दिसेनासा होतो. मुर्नाव यांच्या १९२४ च्या मूकपटांत म्हाताऱ्या द्वारपालाचा झगा काढून घेतला जातो, तेव्हां झग्याखालीं किती थोडा माणूस उरला आहे हें पाहून जीव कासावीस होतो. अँडरसन टोपीला असा धक्का लावीत नाहींत.

अपवाद एका प्रसंगाचा. अत्तर आणावयास विसरल्याबद्दल मालकासारखा वागणारा गुस्ताव झीरोला फाडफाड बोलतो, तूं आपला देश सोडून इकडे आलासच कशाला, असेंही विचारतो. आणि लढाईंत त्याचें कुटुंब मारलें गेल्याचें कळतांच मनापासून क्षमा मागतो. त्या क्षणीं ‘बॉय’ गळून पडतो व समोर माणूस उभा राहतो. पुढें हाच झीरो हॉटेलचा धनी होतो. तरी मुक्कामाला येतो तेव्हां नोकरांच्या अडगळीवजा खोलींतच निजतो. आमच्या मतें साऱ्या चित्रपटांत खरी कलाकृति म्हणावी ती ही खोली.

मराठींत ‘लॉबी बॉय’ला काय म्हणावें? ‘सेवक’ फार सोवळा. आपला शब्द ‘पोऱ्या’; त्याला ना बटणें, ना टोपी. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत राबविण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून कायद्यानें बंदी झाली. हाक मात्र बंद झाली नाहीं. परवां एका उपाहारगृहांत आम्हींच सवयीनें ‘बॉय’ म्हणून हाक मारली. फडकें खांद्यावर टाकून जे गृहस्थ आले, ते वयानें आमच्याहून मोठे असावेत.